ओंडका, फळी आणि घट

चार फूट घेराचा, दहा फूट लांबीचा, अगदी सरळ असा सागाचा एक ओंडका आहे असे धरू. त्यात लाकूड किती? भूमिती शिकलेला माणूस घेरावरून त्रिज्या काढील आणि १२.७ घनफूट असे उत्तर देईल. लाकडाचा व्यापारी घेराला चाराने भागील, आलेल्या एका फुटाचा वर्ग करील, त्याला लांबीने गुणील आणि १० घनफूट सांगेल. आरागिरणीवाल्याला त्यातून चारही कडा कोऱ्या असलेली एकच चौरस तुळई काढायची असेल, तर ती ८.१ घनफुटांहून मोठी निघणार नाही. ओंडका तोच, टेपही तोच, आकडे मात्र तीन. आणि तिघांपैकी खोटे कुणीच बोललेले नाही.

या तीन आकड्यांमधले अंतर हाच प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. झाड गोल वाढते. माणसाला दार, पलंग, कपाट, वासा, खोके हे सगळे चौकोनी हवे असते. या दोन आकारांचा व्यवहार जिथे मिटतो ती जागा म्हणजे आरागिरणी, किंवा रोजच्या बोलण्यातली सॉ मिल. तिथे लाकूड पायरीपायरीने कमी होत जाते. काही सालीबरोबर जाते, काही करवतीच्या दातांखाली भुसा होते, काही वाळताना आकसते, काही रंध्याखाली ढलप्या होऊन उडते. ही घट कुणालाच टाळता येत नाही. कोणती घट पत्करायची आणि कोणती वाचवायची, एवढेच हातात असते. गिरणीचे कसब, नफा आणि बदनामी या तिन्हींचे मूळ त्या निवडीत सापडते.

व्यापाऱ्याचा ‘चौथाई घेर’ हा हिशेब दिसतो तितका गावठी नाही. एडवर्ड हॉपस या इंग्रज मोजणीदाराने १७३६ मध्ये लंडनला त्याची तयार कोष्टके छापली आणि इंग्रजी अमलाबरोबर ही पद्धत आपल्याकडच्या लाकूडबाजारात रुजली. गोलाच्या खऱ्या घनफळापैकी ७८.५ टक्केच तिच्यात मोजले जाते. राहिलेला पाचवा हिस्सा चौकोन करताना वाया जाणारच, असे गृहीत धरून तो आधीच सोडून दिलेला असतो. म्हणजे पाते फिरण्यापूर्वीच, निव्वळ मोजपट्टीत, पहिली घट मान्य झालेली असते.

महाराष्ट्रात हा व्यवहार समजून घ्यायचा तर चंद्रपूर-गडचिरोलीकडे वळावे लागते. इथला साग जुन्या मध्य प्रांताच्या नावावरून आजही ‘सी.पी. टीक’ म्हणून ओळखला जातो आणि आलापल्ली, बल्लारपूर ही नावे सुतारांच्या तोंडी दर्जाची खूण म्हणून येतात. आलापल्लीजवळचा जुन्या सागवृक्षांचा एक तुकडा ‘ग्लोरी ऑफ अल्लापल्ली’ या नावाने राखलेला आहे. २०१४ मध्ये राज्यातले पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून तो जाहीर झाला. १९७४ मध्ये स्थापन झालेले वन विकास महामंडळ या पट्ट्यात साग लावते, वाढवते आणि विकते. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवानाची पहिली खेप इथूनच वाजतगाजत निघाली. त्याच वर्षी उघडलेल्या नव्या संसद भवनासाठीचे सागवान नागपूरहून आल्याचे सरकारी माहितीत नमूद आहे.

जंगलातून आलेले ओंडके आगारात लांबी आणि घेराप्रमाणे लावले जातात आणि त्यांचा लिलाव होतो. जाणता खरेदीदार ओंडक्याच्या लांबीपेक्षा त्याच्या दोन तोंडांकडे जास्त वेळ पाहतो. मधला सोनेरी-तपकिरी भाग म्हणजे मध्यकाष्ठ, त्याभोवतीचे फिकट कडे म्हणजे रसकाष्ठ. सागाची ख्याती मध्यकाष्ठाच्या जोरावर आहे. त्यातल्या तेलकट द्रव्यांमुळे वाळवी आणि बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. रसकाष्ठाला हे संरक्षण नसते. त्यात पिष्ट असते, कीड ते पोखरते आणि काही वर्षांनी पलंगाच्या पायाखाली पिवळसर पूड पडू लागते. म्हणून फिकट कडे किती जाड आहे, गाभा पोकळ आहे का, भेग तोंडापुरती आहे की आतवर गेली आहे, गाठी कुठे आहेत, हे सगळे पाहूनच बोली लागते. घेर सारखाच असलेल्या दोन ओंडक्यांच्या भावात मोठा फरक पडतो तो यामुळे.

गिरणीत ओंडका आला की पहिला प्रश्न: कोणती बाजू वर ठेवायची? पहिला काप जिथे पडतो त्यावर पुढचे सगळे काप ठरतात आणि तो एकदा पडला की परत घेता येत नाही. ओंडक्याला किंचित बाक असेल तर तो वर किंवा खाली राहील असा फिरवून घेतात, नाहीतर फळ्या तिरप्या येतात. बुंध्याकडचे टोक जाड आणि शेंड्याकडचे बारीक असते. पूर्ण लांबीची फळी बारीक टोकाच्या मापात बसली पाहिजे, त्यामुळे जाड टोकाकडचे जादा लाकूड कडेच्या पाचरीसारख्या कापात निघून जाते. काही वेळा दहा फुटी ओंडक्याचे आधी सहा आणि चार फुटांचे दोन तुकडे करणे फायद्याचे ठरते, कारण त्यामुळे बाक आणि उतार दोन्ही वाटले जातात. पण दाराच्या चौकटीला सात फूट हवे असतील तर हा मार्ग बंद. गिऱ्हाईक काय मागते यावर लाकडाचे भवितव्य असे फळीफळीला बदलते.

चिरण्याच्या मुख्य तऱ्हा तीन. ओंडका एकाच दिशेने, पावाच्या कापांसारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरत जायचा, ही सर्वांत सोपी आणि कमी नासाडीची रीत. दुसऱ्या तऱ्हेत चारही बाजूंचे काप काढून आधी चौकोनी ठोकळा करतात आणि मग ठोकळ्याच्या फळ्या पाडतात. तिसरीत ओंडक्याचे उभे चार भाग करून प्रत्येक भाग असा चिरतात, की वाढीची कडी फळीच्या रुंद बाजूला जवळजवळ काटकोनात येतील. या तिसऱ्या तऱ्हेत वेळ जास्त जातो, फळ्या अरुंद निघतात आणि तुकडेही खूप उरतात. तरीही वाद्ये आणि उंची फर्निचर बनवणारे तिचाच आग्रह धरतात. त्याचे कारण लाकडाच्या वाळण्यात आहे.

ताज्या लाकडातले पाणी दोन जागी असते: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतले पाणी आधी जाते आणि तोवर फळीच्या मापात फरक पडत नाही. ओलावा साधारण तीस टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतीतले पाणी सुटू लागते आणि लाकूड आकसायला लागते. हे आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. लांबीत ते नगण्य असते. गाभ्यापासून सालीच्या दिशेने साग पूर्ण वाळेपर्यंत सुमारे अडीच टक्के आकसतो आणि वाढीच्या कड्यांच्या दिशेने सुमारे पाच टक्के. या दुपटीच्या फरकाने सरधोपट चिरलेली रुंद फळी वाळताना सालीकडच्या बाजूने खोलगट होते. कडी काटकोनात असलेली फळी मात्र सपाट राहते. म्हणजे तिसऱ्या तऱ्हेत गिरणीवाला आज जास्त भुसा आणि तुकडे पत्करतो, ते उद्याचा वाक टाळण्यासाठी.

फळ्या वाळवण्याची जुनी पद्धत अजूनही सगळीकडे दिसते. छपराखाली थर लावायचे, दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक ठेवायच्या, आणि हवा खेळू द्यायची. पट्ट्या वेड्यावाकड्या ठेवल्या तर फळ्याही तशाच वाळतात. तोंडे लवकर सुकून फुटू नयेत म्हणून त्यांना मेण किंवा रंग लावतात. भट्टीत हेच काम उष्णता आणि दमटपणा ताब्यात ठेवून महिन्यांऐवजी दिवसांत उरकते, पण घाई केली तर वरचा थर आधी आकसतो आणि आतून चिरा पडतात. लाकूड किती वाळवायचे याला देशभर एकच उत्तर नाही. भारतीय मानक ब्युरोचे आयएस २८७ हे मानक हवेतल्या दमटपणाप्रमाणे देशाचे चार विभाग पाडते आणि वापरानुसार ओलाव्याची मर्यादा सांगते. कोकणात श्रावणात फुगून अडणारे दार आणि नागपुरात मे महिन्यात फटी दाखवणारे दार ही एकाच नियमाची दोन टोके आहेत.

आता करवतीकडे. गोल चकतीच्या करवतीचे पाते जाड लागते, नाहीतर ते डगमगते. बँड सॉमध्ये दोन मोठ्या चाकांवर ताणलेला दातेरी पट्टा फिरतो आणि तो बराच पातळ असतो. हा फरक मिलिमीटरांचा, पण हिशेब करून पाहण्यासारखा आहे. तीस सेंटिमीटर रुंदीच्या ठोकळ्यातून पंचवीस मिलिमीटर जाडीच्या फळ्या काढायच्या आहेत. पाते पाच मिलिमीटर लाकूड खात असेल तर दहा फळ्या निघतात. अडीच मिलिमीटर खात असेल तर अकरा. अकरावी फळी आली ती भुशातून. पात्याचा दात बोथट झाला, ताण सैल पडला किंवा ट्रॉलीचे रूळ हलले, की काप नागमोडी जातो आणि फळी सपाट करण्यासाठी रंध्याला जास्त लाकूड द्यावे लागते. सागात सिलिका असल्याने तो दात लवकर झिजवतो. त्यामुळे धार लावणारा कारागीर गिरणीत मिस्त्रीइतकाच महत्त्वाचा असतो आणि त्याच्या एका दिवसाच्या हलगर्जीची किंमत फळ्यांत मोजता येते.

चिरणे, वाळवणे आणि रंधणे या तिन्हींची घट एकत्र कशी दिसते, ते अमेरिकेत रोज विकल्या जाणाऱ्या ‘दोन बाय चार’वरून कळते. घरांचे सांगाडे उभारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या या लाकडाचे खरे माप दीड बाय साडेतीन इंच असते. नाव आठ चौरस इंचांचे, लाकूड सव्वापाच चौरस इंचांचे. तिथे ही घट मानकातच लिहून ठेवली आहे, त्यामुळे फसवणुकीचा प्रश्न येत नाही. आपल्याकडे गिऱ्हाईक चिरलेल्या मापाचे पैसे देते आणि रंधलेले माप घरी नेते. हा फरक कुठे लिहिलेला नसतो आणि वखारीतले निम्मे वाद त्यातूनच उभे राहतात.

यंत्रे येण्यापूर्वी हे सगळे दोन माणसांच्या हातात होते. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा, गेरूत भिजवलेली दोरी ताणून रेघ मारायची, एकाने वर उभे राहून करवत रेघेवर धरायची, दुसऱ्याने खड्ड्यातून ओढायची. भुसा खालच्याच्या डोळ्यांत. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने मलबारी सागाची जहाजे बांधली तो काळ या हातकरवतीचा. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरले आणि ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलच्या बंदरात तरंगते आहे. जहाजबांधणीची एक गोष्ट इथे मुद्दाम सांगायला हवी. जहाजाच्या बाकदार भागांसाठी निसर्गतः वाकलेली लाकडे शोधून आणत, कारण सरळ ओंडक्यातून बाक कोरला तर रेषा तुटून लाकूड कमजोर होते. आज गिरणीत दोष म्हणून भाव पाडणारा बाक तेव्हा भाव वाढवत असे.

यांत्रिक करवतीची कहाणी हॉलंडमध्ये वेग घेते. कोर्नेलिस कोर्नेलिसझोन या उटखेस्टच्या रहिवाशाने १५९३ मध्ये पवनचक्कीच्या फिरत्या गतीचे वरखाली गतीत रूपांतर करून करवत चालवण्याचा हक्क मिळवला. झान नदीकाठी अशा चक्क्या उभ्या राहिल्या आणि डच जहाजबांधणीला त्यांनी हात दिला. इंग्लंडमध्ये स्वागत वेगळे झाले. लंडनच्या लाइमहाउस भागातली वाऱ्यावर चालणारी गिरणी १७६८ मध्ये जमावाने मोडली. हाताने करवत ओढणाऱ्यांना आपली रोजी जाताना दिसत होती. पुढे वाफ आली, मग वीज.

भारतातल्या जुन्या मोठ्या गिरण्यांमध्ये अंदमानच्या चॅथम बेटावरची सरकारी गिरणी आजही पाहता येते. पोर्ट ब्लेअरला पुलाने जोडलेल्या या चिमुकल्या बेटावर ती १८८३ मध्ये सुरू झाली. पडौक आणि गर्जन ही बेटांवरची लाकडे समुद्रमार्गे तिथे येत. १९४२ मध्ये जपानी बॉम्ब तिच्या आवारात पडला आणि तो खड्डा जतन करून ठेवलेला आहे. गिरणी रस्त्याकडेला नसून पाण्याकडेला का उभी राहते, हे चॅथम पाहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही: ओंडका जड, फळी हलकी. ओंडका जिथे कमी कष्टात पोहोचतो तिथेच गिरणी. आज गुजरातेत गांधीधामच्या परिसरात गिरण्यांची जी दाटी आहे ती याच न्यायाने. कांडला बंदर जवळ आहे आणि परदेशातले ओंडके तिथे उतरतात.

परदेशी ओंडक्यांचे प्रमाण वाढले, त्यामागे आपला कायदाही आहे. टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद यांच्या याचिकेवर १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशाने वनक्षेत्रात आरागिरणी चालवणे हे वनेतर काम ठरवले. २००२ मध्ये न्यायालयाने आणखी बजावले, की केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या परवानगीशिवाय कुठल्याही राज्याने नव्या गिरणीला मुभा देऊ नये. युक्तिवाद सरळ होता: गिरण्यांची चिरण्याची ताकद जंगलाच्या कायदेशीर उत्पन्नापेक्षा जास्त झाली, तर उरलेली भूक चोरीच्या लाकडावर भागते. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी हा निर्णय राज्यस्तरीय समित्यांकडे सोपवला. तेव्हापासून गिरणीचा परवाना ही यंत्रांपेक्षाही मौल्यवान वस्तू होऊन बसली आहे.

इथे घटीला आणखी एक अर्थ येतो. आत आलेले ओंडके आणि बाहेर गेलेली फळी यांचा नोंदवहीत ताळा लागला पाहिजे. सरळ, जाड ओंडक्यातून खऱ्या घनफळाच्या साठ टक्क्यांपर्यंत चिरीव लाकूड मिळू शकते, तर बारीक आणि वाकड्या ओंडक्यातून निम्मेही मिळत नाही. एखादी गिरणी आपला उतारा संशयास्पद चांगला दाखवू लागली, तर कुठलेतरी न नोंदलेले ओंडके त्या फळ्यांत मिसळले असण्याची शंका घेता येते. भुशाचा ढीगही पुरावा होऊ शकतो.

भुसा नेहमीच टाकाऊ होता असेही नाही. १८३३ मध्ये बोस्टनहून निघालेले ‘टस्कनी’ हे जहाज चार महिन्यांनी कोलकात्याला बर्फ घेऊन पोहोचले. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याच्या या बर्फाच्या व्यापारात तळ्यांतला बर्फ गिरण्यांच्या भुशात दडवून विषुववृत्त ओलांडत असे आणि पुढे तो मुंबईतही उतरू लागला. भुशात बर्फाची लादी गुंडाळण्याची आपल्या बर्फवाल्यांची रीतही त्याच गुणावर चालते: लाकडाच्या कणांत अडकलेली हवा उष्णता अडवते. आता भुसा दाबून ‘व्हाईट कोल’ नावाच्या कांड्या होतात आणि त्या कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जातात. कोवळ्या लाकडाचे तुकडे कागदासाठी किंवा पार्टिकल बोर्डासाठी जातात. बल्लारपुरात सागाचा बाजार आणि कागद गिरणी एकाच गावात आहेत, त्यामुळे फळी आणि लगदा ही लाकडाची दोन भवितव्ये तिथे शेजारी शेजारी दिसतात. भुशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. तरी तोंडाला नुसता रुमाल बांधून काम चालू असलेल्या गिरण्या आपल्याकडे थोड्या नाहीत.

फिनलंड, स्वीडन, कॅनडातल्या गिरण्यांत पहिला काप आता संगणक ठरवतो. लेझरने ओंडक्याचा आकार वाचला जातो, काही ठिकाणी क्ष-किरणांनी आतल्या गाठीही शोधल्या जातात, आणि त्या दिवशीच्या मागणीप्रमाणे कुठला काप सर्वांत जास्त पैसे देईल ते क्षणात निघते. हे तंत्र सारख्या जाडीच्या लाखो ओंडक्यांवर परवडते. आपल्या गिरणीत सकाळी साग, दुपारी आंबा आणि संध्याकाळी शेताच्या बांधावरची बाभूळ येते. तिथे मिस्त्रीचा डोळा अजून बेरोजगार झालेला नाही. त्याच्यापुढचा नवा प्रश्न वेगळा आहे. शेतकऱ्याने पंधरा-वीस वर्षांत वाढवलेला साग जंगलातल्या जुन्या सागापेक्षा बारीक असतो आणि त्यात रसकाष्ठाचा वाटा मोठा असतो. चौथाई घेराच्या हिशेबात तो कागदावर जेवढा भरतो, तेवढे टिकाऊ लाकूड त्यातून हाती लागत नाही, आणि ही तफावत शेतकऱ्याला कळते ती भाव हातात पडल्यावर.

पुस्तकाची मांडणी लाकडाच्या वाटेनेच केली आहे. पहिला भाग आगार आणि मोजणीचा, दुसरा चिरण्याचा, तिसरा वाळवणे आणि प्रतवारीचा. चौथ्या भागात गिरणीतली माणसे, त्यांची मजुरी आणि त्यांच्या जखमा आहेत. पाचव्यात परवाने, आयात आणि शेतातली झाडे. मापे बाजारात चालतात तशीच, फूट-इंचात आणि घनफुटांत दिली आहेत. वन विभागाच्या नोंदी घनमीटरमध्ये असतात, त्या तशाच ठेवल्या आहेत. एक घनमीटर म्हणजे खऱ्या घनफळाचे ३५.३ घनफूट. जिथे नुसते ‘घनफूट’ लिहिले आहे तिथे चौथाई घेराचे माप समजावे. खरे घनफळ दिले आहे तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे, आणि दोन्हींची तुलना करताना चौथाई घेराच्या आकड्याला १.२७ने गुणून पाहावे.